गॅलनला एकवीस मैल

डिझेलचा फेस खाली बसेपर्यंत एल्डन हॉगन पंपाची नळी धरून उभा राहिला. फेस बसला तसं त्याने आणखी थोडं डिझेल सोडलं. पुन्हा फेस आला, पुन्हा तो थांबला. टाकी गळ्यापर्यंत भरल्याशिवाय गाडीचं मायलेज खरं निघत नाही, आणि फेसाला डिझेल समजणारा माणूस एल्डनच्या लेखी कशालाही काहीही समजू शकतो.

"अजून किती वेळ?" पिकअपमध्ये बसलेल्या रूडीने खिडकीतून डोकं काढलं. "माझ्या लग्नाला एवढा वेळ लागला नव्हता."

"टिकलं तरी किती ते?"

"चार वर्षं. पण टाकी फुल होती."

एल्डनने नळी अडकवली, झाकण तीनदा कट्‌ वाजेपर्यंत फिरवलं आणि गाडीत येऊन बसला. मैलांचा आकडा त्याने मोठ्याने वाचला. रूडीने तो आपल्या तळहातावर पेनाने लिहून घेतला. साक्षीदार म्हणूनच तो आला होता.

सोसायटीच्या दुकानात रोज सकाळी सहाला पाच म्हातारे कॉफीला जमत. गव्हाचा भाव, वारा आणि दुसऱ्याच्या गाडीत काय बिघडलंय, एवढ्या तीन विषयांवर त्यांनी आजवर चाळीस वर्षं काढली होती. गेले दहा महिने मात्र एल्डनच्या पिकअपमधल्या लाल एअर-फिल्टरने बाकीच्या विषयांना रजा दिली होती. हा फिल्टर गाडीबरोबर आलेला नव्हता. तो बाहेरचा, कापडी, तेल लावलेला, धुऊन पुन्हा वापरायचा. खोक्यावर लिहिलं होतं, गॅलनमागे तीन मैल जास्त.

"खोक्यावर काय, काहीही लिहितात," रूडी म्हणे. त्याने बत्तीस वर्षं या तालुक्यातले ट्रॅक्टर आणि कापणीचे कम्बाइन दुरुस्त केले होते, त्यामुळे त्याचं मत कुणी मागत नसे; ते मिळतच असे. "टर्बोचं इंजिन आहे ते. हवा ओढून घेतं, तुझ्याकडे मागत नाही बसत. कागदी फिल्टर लाव, नाहीतर तुझं बनियन लाव, डिझेल तेवढंच लागणार. तुझ्या त्या तेलकट कापडातून फक्त धूळ जास्त आत जाईल. महिन्याभरात कापणी सुरू होतेय. इंजिन वाळू खाऊन मरेल, मग ये माझ्याकडे रडत."

"वहीत आहे सगळं," एल्डन एवढंच म्हणे.

शेवटी पैज लागली. एकाच दिवसात, एकाच रस्त्याने, बिलिंग्जला जायचं लाल फिल्टरवर आणि यायचं कागदी फिल्टरवर. हरेल त्याने टेबलासमोर उभं राहून 'मी चुकलो' म्हणायचं. या टेबलावर हे वाक्य मागच्या शतकात शेवटचं उच्चारलं गेलं होतं, आणि ते उच्चारणारा पुढच्याच वर्षी ॲरिझोनाला राहायला गेला होता.

ती वही समोरच्या कप्प्यात असे. जाड हिरव्या पुठ्ठ्याची. एल्डन पंपाशी उभा राहून आकडे ओरडून सांगायचा, आणि त्याची बायको आर्डिस आत बसून ते लिहायची. भागाकारही तीच करायची, तोंडी. शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं काढलेल्या बाईचं अक्षर होतं ते. ओळी आखलेल्या नसूनही ओळीत. नऊ सप्टेंबरच्या नोंदीपुढे तिने लिहिलं होतं: 'नवा फिल्टर. म्हाताऱ्याचा वाढदिवस.' त्याआधी दोन वर्षं एल्डन जेवताना कॅटलॉगचं तेच एक पान उघडायचा आणि 'आपल्याला काय करायचंय असलं' म्हणून मिटायचा. खोकं आलं तेव्हा आर्डिस म्हणाली होती, "आता ते पान फाडून टाक. सूप सांडून सांडून नुसतं चिकट झालंय."

फिल्टर बसवला त्याच आठवड्यात बिलिंग्जच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. दर मंगळवारी, एकशे त्रेचाळीस मैल. सतराच्या वर कधी न गेलेला आकडा वीसवर गेला. मग एकवीस. मग एकवीस आणि वर चार दशांश. त्याखाली आर्डिसने दोन रेघा ओढल्या होत्या. गाडीत त्या दिवसांत दुसरी चांगली बातमी नसे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर वहीतलं अक्षर बदललं होतं. त्याच पानावर आकडाही सोळावर घसरला होता. एल्डनने फिल्टर चार वेळा धुतला.

हमरस्त्याला लागल्यावर त्याने पिकअप ऐंशीवर नेऊन ठेवली. वारा नव्हता. या भागात वारा नसण्याचे दिवस वर्षात दोनच येतात, आणि त्यातला एक पैजेच्या कामी आल्याबद्दल दोघांनाही समाधान वाटलं. रूडी सूर्यफुलाच्या बिया फोडत होता आणि टरफलं कागदी पेल्यात थुंकत होता.

"नेहमी ऐंशीनेच मारतोस?"

"पाटी ऐंशीची आहे."

"पाटीवर पुढे बैल आहेत असंही लिहिलंय. दिसला एक तरी?"

पूल आला. सिमेंटचा सांधा चाकांखाली धाडकन वाजला आणि रूडीच्या पेल्यातली टरफलं उडाली. नदी या रस्त्याखालून इतक्या वेळा जाते की तिलाच कुठे जायचंय ते ठाऊक नसावं.

"बाप रे," रूडी म्हणाला. "आर्डिसला घेऊन जातानाही असाच आदळायचास?"

"छे." एल्डनने आरसा सारखा केला, जो सारखाच होता. "तिला सोसायचं नाही. दुखणं हाडांत गेलं होतं ना तिचं. प्रत्येक सांध्याला डोळे मिटायची. बोलायची काही नाही, पण मिटायची. मग मी पंचावन्ननेच न्यायचो. पूल दिसला की आधीच पाय काढायचा, म्हणजे गाडी आपोआप सुस्तावते, ब्रेक लागत नाही. मागून ट्रकवाले भोंगे मारायचे. एकाने तर शेजारी येऊन मधलं बोट दाखवलं. आर्डिसने त्याला हात केला. तिला वाटलं, ओळखीचा आहे."

तो जरासा हसला. रूडी हसला नाही. त्याने एक बी तोंडात टाकली, आणि पुढचे बरेच मैल ती फोडायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

बिलिंग्जच्या पंपावर एल्डनने पुन्हा फेस बसायची वाट पाहिली, पुन्हा गळ्यापर्यंत भरलं. भागाकार रूडीने तळहातावरच केला.

"सोळा पूर्णांक दोन."

"परत कर."

रूडीने परत केला. आकडा तोच आला.

"लाल फिल्टर आहे आत," एल्डन म्हणाला. "परवाच धुतलाय. तेल मोजून लावलंय." पंपाच्या खांबावरचा झेंडा त्याने पाहिला. तो वाळत घातलेल्या टॉवेलसारखा लोंबत होता. "चढ असेल. नदीच्या वरच्या अंगाला आलोय आपण."

"हो, चढ आहे ना," रूडी म्हणाला.

चाळीस वर्षांत रूडीने त्याचं बोलणं पहिल्या फटक्यात कबूल केल्याची ही पहिलीच वेळ. एल्डनने त्याच्याकडे पाहिलं. पण रूडी तोवर बॉनेट उघडून क्लिपा सोडवायला वाकला होता. लाल फिल्टर एल्डनने स्वतः बाहेर काढला, स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टाही लावला. रूडीने ते पाहिलं आणि कागदी फिल्टर दाबून बसवला.

"किल्ली दे."

"माझी गाडी मी कुणाला देत नाही."

"गुडघा बघ तुझा, किती वेळ चोळतोयस. दे मुकाट्याने."

गुडघा खरंच दुखत होता. एल्डन वळसा घालून पलीकडच्या दाराने चढला. या बाजूला तो आजवर कधी बसला नव्हता.

रूडी हॉर्नंग आयुष्यभर कम्बाइनच्या वेगाने मोटार चालवत आलेला माणूस. त्याच्या मागे अडकून लोकांची चर्चची प्रार्थना चुकली होती, एकीचं बाळंतपण तर थेट वाटेतच उरकलं होतं. या माणसाने शहर ओलांडताच पिकअप नव्वदला नेली आणि दोन्ही खिडक्या उघडल्या. वर एसीही लावला.

"खिडक्या तरी लाव," एल्डन ओरडला. "एसी चालू आहे."

"हवा हवी मला!"

"मग एसी बंद कर!"

"थंड हवी!"

रूडीचे दोन्ही हात चाकावर आवळले होते आणि कपाळावर घाम होता. त्याला भीती वाटत होती हे उघड दिसत होतं. काटा ब्याण्णववर थरथरत होता. एवढ्या वेगाने, उघड्या खिडक्यांनी, कुठलाही फिल्टर असता तरी डिझेल पाण्यासारखं जाणार, हे तालुक्यात सगळ्यांत चांगलं कुणाला ठाऊक असेल तर रूडीला.

एल्डनने तोंड उघडलं, आणि पूल आला.

सांधा खालून आला तो सीटमधून थेट पाठीच्या कण्यात शिरला. चालवणाऱ्याच्या हातात निदान चाक असतं. इकडे काही नव्हतं. एल्डनचा उजवा पाय आपोआप वर उचलला गेला, जिथे पेडलच नव्हतं. हात दारावरच्या मुठीकडे गेला. मुठीचं रबर एका जागी चार बोटांएवढं गुळगुळीत झालेलं होतं. त्याने आपली बोटं तिथे ठेवली. ती जरा मोठी होती.

पुढच्या पुलाला त्याने डोळे मिटून पाहिले.

मग कप्प्यातली हिरवी वही काढली आणि उघड्या खिडकीच्या वाऱ्यात पानं अंगठ्याने दाबत बसला. सप्टेंबर. ऑक्टोबर. नोव्हेंबर. सगळे मंगळवार. फेब्रुवारीच्या पानावर तो बराच वेळ थांबला, वही मिटली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

"रूडी."

"काय?"

रूडीने मान वळवली नाही. नव्वदवर मान वळवायची त्याची छाती नव्हती.

"काही नाही," एल्डन म्हणाला. "चालव."

गावातल्या पंपावर आकडा निघाला चौदा पूर्णांक एक. रूडीने तळहात त्याच्यासमोर धरला, एखाद्या हस्तरेषेवाल्यासमोर धरावा तसा.

"हे बघ. कागदी, चौदा. आर्डिसचा, सोळा. चढ धरूनसुद्धा. संपला विषय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला टेबलाशी पाचही जण हजर होते. रूडीने टोपी काढली. त्याच्या डोक्यावर इतके कमी केस उरलेत हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं. खुर्ची मागे सारून तो उभा राहिला, घसा खाकरला.

"मी चुकलो," तो म्हणाला. "फिल्टर चालतो. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं."

टेबलाला आनंद व्हायला हवा होता. झाला तो धक्का. मधमाश्या पाळणारा लेरॉय बक हातातला कप अर्ध्यावरच धरून राहिला. सगळ्यांत आधी सावरला तोच.

"मग मीही मागवतो. माझी गाडी बाराच देते. एल्डन, कुठला कॅटलॉग तो? पान सांग."

रूडी खाली बसला आणि साखरेच्या पुड्या एकावर एक रचू लागला.

"मागवू नकोस," एल्डन म्हणाला.

"का?"

"काही होत नाही त्याने. धूळ जाते आत. माझ्याही गाडीत आता कागदीच आहे."

"अरे, पण हा आत्ताच म्हणाला—"

"तो खोटं बोलतोय. येताना नव्वदने मारली त्याने. खिडक्या उघड्या टाकून."

सगळ्यांनी रूडीकडे पाहिलं. नव्वद आणि रूडी हे दोन शब्द एकत्र त्यांच्या डोक्यात बसेनात. रूडीची साखरेची चळत कोसळली.

"एल्डन, गप्प बस ना जरा," तो हळूच म्हणाला.

"आणि गेल्या वर्षीचा तुझा एकवीस?" लेरॉय म्हणाला. त्याला हे सगळंच फसवणुकीचं प्रकरण वाटू लागलं होतं. "दहा महिने आमचं डोकं खाल्लंस त्यावर. तोही खोटाच?"

"तो खरा आहे. वहीत आहे." एल्डनने कप दोन्ही हातांनी धरला. "मी पंचावन्नने चालवायचो."

"ऐंशीच्या रस्त्यावर? थेट बिलिंग्जपर्यंत?"

"हो."

ते मंगळवारी कशासाठी जायचे, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. शेवटी लेरॉयलाच राहवेना. गप्प बसायला तो मधमाश्यांमध्येच शिकला होता, माणसांत नाही.

"म्हणजे तासभर तरी जास्त लागत असेल रे."

"पन्नास मिनिटं," एल्डन म्हणाला. खिडकीबाहेर त्याची पिकअप उभी होती. तो तिच्याकडे बघत राहिला. "जाताना पन्नास. येताना पन्नास."