न्यायला कोन आलंय

त्या पोरांचा नंबर आला न्हाई, हे मी आदीच सांगून टाकते. म्हंजे शेवटपर्यंत तुमी त्या आशेवर बसायला नको. पुण्यात मोठी स्पर्धा व्हती, कुटल्या कुटल्या कॉलेजांची पोरं आलती, आन आमची तळेगावची दोघं, प्रेरणा आन स्वराज, हात हलवत परत आली. आता त्यात त्यांचा दोष किती आन माजा किती, ते तुमीच ठरवा.

स्पर्धेचा विषय व्हता एकटेपना. एकट्या मान्साच्या उपयोगाची काईतरी वस्तू करायची, ती पंधरा दिवस त्याच्या घरात वापरून बघायची आन मग परीक्षकांना दाखवायची. असं एकटं मानूस हुडकत पोरं आमच्या टाकव्यात आली आन ग्रामपंचायतीतल्या कुना शहान्यानं त्यांना माजं घर दाखवलं. "नंदाबाईकडं जा, ती एकटीच असते." जनू गावात दुसरं कोन न्हाईच! मी पडवीत तांदूळ निवडत बसलेली. पोरगी चुनचुनीत, हातात रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

"आजी, तुम्हाला दिवसात कधी एकटं वाटतं?"

मी म्हनलं, "बाई, गुडघे कवा दुकत्यात ते विचार. एकटं वाटायला येळ कुटं हाय? म्हस हाय, कोंबड्या हायेत, खाचरात बेननी हाय."

तिनं ते सगळं लिवून घेतलं आन चिठ्ठ्या भिंतीला चिकटवायला लागली. माज्या भिंतीला! दिवाळीला रंग दिलेला. मी नुसतं बघितलं, तशी स्वराजनं मुकाट्यानं काढून घेतल्या. ते पोरगं लाजरं. त्याला चहा दोनदा दिला.

मग तिनं विचारलं, "आजी, कोणाची आठवण येते?"

"कुनाची न्हाई," म्हनलं आन उठून म्हशीकडं गेले. म्हस आपली रवंथ करत बसलेली, तिला काय काम नव्हतं माज्याकडं. पन माजे डोळे भरले ते पोरीनं बघितलं असनार. कारन दुसऱ्यांदा आली तवा चिठ्ठ्या आनल्या न्हाईत. नुसती उंबऱ्याशी बसली. तवा मी सांगितलं.

सविता माजी लेक. कुसगावात दिलीय. लांब न्हाई, जीप आन लोकल नीट मिळाली तर तासाभराचा रस्ता. बंगल्यांच्या गल्लीत त्यांचं किराना दुकान हाय. आन तीन पंचम्या झाल्या, लेक माहेराला आली न्हाई. भांडन न्हाई, तंटा न्हाई. दर ऐतवारी फोन येतो. जेवलीस का, पाऊस हाय का, म्हस दूध देते का. म्हशीची चौकशी झाली की फोन बंद. बापाच्या वर्षश्राद्धाला तेवढी जावयाबरोबर गाडीतनं आलती. पानं उठली तशी गेली. त्याला येनं म्हनत न्हाईत.

पोरीला मी एवढंच सांगितलं. त्याच्या मागचं सांगितलं न्हाई, कारन ते सांगन्यासारखं हाय हेच माज्या ध्यानात आलं न्हाई. तुमाला सांगते.

आमचे मालक, दत्तोबा, जिते व्हते तवर दर पंचमीला ते सविताला आनायला जायचे. पंधरा वर्सं. एकदा ताप अंगात असताना गेलते. सासुरवाशिनीला न्यायला माहेरचं जे मानूस जातं, त्याला मुराळी म्हनत्यात. बाप न्हाईतर भाऊ. मुराळी दारात आला की सासू अडवत न्हाई, आन मुराळी आल्याबिगर लेक पाऊल उचलत न्हाई. हे खुंटीवरची पिशवी भरून घेऊन जायचे, एक रात तितं राहायचे, दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन यायचे. मी विचारायची, "कसं काय झालं?" तर म्हनायचे, "जेवन बरं व्हतं." ह्यापुढं त्या मान्सानं कदी काय सांगितलं असंल तर शपथ.

ते गेले आन पहिली पंचमी आली. मी लेकाला, सत्यमला, म्हनलं, "जा, भनीला घेऊन ये." तो तळेगावला कंपनीत हाय, तितंच फ्लॅट घेतलाय. म्हनला, "आई, त्यांच्याकडं चारचाकी आहे. फोन केलास की येईल. आता कोण मुराळी जातं?" खोटं कशाला बोलू, मलाबी पटलं. मी फोनवर म्हनलं, "पंचमीला ये गं." ती म्हनली, "बघते." आन आली न्हाई. मला असा राग आला! रस्ता माहीत हाय, घर माहीत हाय, आई जिती हाय, आनखी काय पायजे हिला? दुसऱ्या वर्सी मी 'ये'सुद्धा म्हनलं न्हाई. तिसऱ्या वर्सी पुरनाची दिंडं केली न्हाईत. करून खानार कोन? आळीतल्या सगळ्या लेकी आलेल्या, झिम्मा चाललेला, आन मी दार लावून घरात. तिची इतकी सय यायची की तिचंच नाव काढलेलं सोसायचं न्हाई मला.

तर पोरांनी दोन दिवे करून आनले. लाकडाचे, वाटीएवढे. एक माज्या घरात, एक सविताच्या. मी माज्यावर हात ठेवला की तिकडं तिचा लागनार, तिनं ठेवला की हिकडं माजा.

"बोलायची गरजच नाही आजी," प्रेरणा म्हनली. "शब्दांशिवाय आठवण पोचते."

मी म्हनलं, "शब्द आमी कवाच सोडलेत, बाई." ती हसली. स्वराज हसला न्हाई.

माजा दिवा बसवला, आन सविताचा बसवायला दोघं पंचमीच्या चार दिवस आदी कुसगावला निघाली. पोरीनं तिला आदल्या दिवशी फोन केलता, "तुमच्या आईकडून उद्या आम्ही दोघं येतोय." आता मोकळ्या हातानं लेकीच्या घरी कसं पाठवायचं? मी खुंटीवरची तीच पिशवी काढली. त्यात पायलीभर इंद्रायणी तांदूळ, भुईमुगाच्या शेंगा आन एक खन घातला आन पोरांच्या हाती दिली. ह्यात मी काय करून ठेवलं, ते मला तवा कळलं असतं तर!

दिवस मावळायच्या आत पोरं परत आली. मी विचारलं, "बसवला का दिवा?"

"बसवला," प्रेरणा म्हनली. "पण आजी, एक गंमतच झाली. ताई नवी साडी नेसून दारात उभ्या होत्या. आमच्या पायावर पाणी घातलं, स्वराज तर घाबरलाच. पुरणाचा स्वयंपाक केलेला. सासूबाईंना विचारून ठेवलेलं, चार दिवस दुकानात नवरा बसणार होता. गल्लीतल्या बायकासुद्धा बघायला आल्या होत्या. ताईंनी त्यांना सांगितलं होतं, माझ्या माहेरून न्यायला येताहेत. बॅग भरून तयार! आणि मग आम्ही दिवा बाहेर काढला."

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, 'एवढंच व्हय?' आणि बॅग उचलून आत नेली. बायका पण गेल्या. आम्हाला मात्र जेवल्याशिवाय सोडलं नाही." आन मग पोरीचा आवाज खाली आला. "आजी, त्या आमच्याबरोबर कुठं निघाल्या होत्या?"

तवा मला उमगलं. माजी लेक रुसली नव्हती. तीन वर्सं ती वाट बघत व्हती, कुनीतरी दारात येऊन सगळ्यांदेखत म्हनावं, हिला न्यायला आलोय. आन मी तिला बापाच्या पिशवीतनं दिवा पाठवला! पोरांना मी मुराळ्याचं सांगितलं तवा प्रेरणा रडायलाच लागली. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" कसं सांगू? श्वास घेतो ते कोन सांगतं का?

त्या दिव्याला पंधरा दिवसांत मी हात लावला न्हाई आन सवितानंबी न्हाई. पोरांच्या कागदावर वापर शून्य असं लागलं, आन तितंच त्यांचा नंबर गेला.

पोरं परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लुगडं बदललं आन निघाले. बाईमानूस मुराळी म्हनून गेलेलं मी आजवर ऐकलं न्हाई, आन आमच्यात आई तर लेकीच्या घरचं पानीबी घेत न्हाई. पन कोन हाय दुसरं? जीपनं कान्ह्याला, तितनं लोकलनं लोणावळा. शनिवार व्हता. टेसनाभायेर पावसाला आलेली गर्दी, रिक्षावाला म्हनतो, "आजी, पॉइंट दाखवू का?" मी म्हनलं, "तुज्या पॉइंटला लागली आग, कुसगावला चल."

सविता दुकानात साखर जोकत व्हती. मला बघितलं आन तिचा चेहरा पांढराफटक. "काय झालं? सत्यम बरा हाय ना?"

"त्याला काय धाड भरलीय. मी तुला न्यायला आलेय."

तिनं गिऱ्हाइकाची साखर बांधली, सुटे पैसे दिले, आन मला आत नेलं. आत तिची सासू खाटेवर पडलेली, डोळ्यांनी दिसत न्हाई तिला. सवितानं पानी दिलं, मी घटाघटा प्याले. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"आबांची पिशवी कशाला पाठवलीस आई?"

मी रिकामा तांब्या खाली ठेवला, ती बोलतच राहिली.

"फोनवर 'ये' म्हनलीस. तसं तर पाव्हनीला म्हनत्यात. गाडी हाय गं माज्याकडं. गाडीनं मी रोज लोणावळ्याच्या बाजारात जाते. माहेराला काय बाजारासारखं जायचं? आबा गेले आन मला वाटलं, माजं घरच गेलं. कोनाला आठवन असती तर कोनतरी आलं असतं."

"चुकलं माजं," मी म्हनलं. पोरगी चाळिशीला आली, तिला मी हे पहिल्यांदा म्हनले. "रोज सय यायची तुजी. रोज. पन मी रागच धरून बसले."

ती जवळ येऊन बसली. माज्या गुडघ्यावर हात ठेवला आन तो सुजलेला बघून म्हनली, "येते मी तुज्याबरूबर. पन पुढच्या वर्सी हे गुडघे घेऊन तू येनार का? आन तू नसशील तवा, आई? तवा मला न्यायला कोन येनार?"

 मी तितल्या तितं सत्यमला फोन लावला. मागं मशिनींचा खडखडाट.

"आई, शिफ्टवर आहे."

"शिफ्ट सुटली की कुसगावला ये. भनीला न्यायला."

"अगं, तू आहेस ना तिथं? घेऊन जा की."

"मी आई हाय. मुराळी न्हाई. तू येशील तवर मी हितनं हलनार न्हाई," म्हनलं आन फोन ठेवला.

तीन वाजले, चार वाजले. सविता दुकानात गिऱ्हाइकं करत व्हती, पन प्रत्येक मोटारसायकलला मान वर करायची. मी तिच्याशेजारी पोत्यावर बसलेली. तो आला न्हाई तर मी तिला काय तोंड दाखवनार व्हते? एकदा ती म्हनली, "कामातनं कसं जमंल त्याला?" मी आपली शेंगा सोलत बसले.

साडेपाचच्या पुढं तो आला. कंपनीचा शर्ट अंगात, केस भिजलेले, हात मोकळे. येड्याला रस्त्यात एक नारळसुद्धा घ्यायचं सुचलं न्हाई. त्याला बघितलं तशी सविता उठून आत गेली. तो दारातच थांबला, आपल्याच भनीच्या दारात, कुना तिऱ्हाइतासारखा. शेजारच्या दुकानातली बाई भायेर येऊन बघत व्हती.

आतनं सासूनं विचारलं, "कोन आलंय गं?"

 मी बोलनार व्हते, पन ओठ दाबून धरले.

सत्यमनं एकदा माज्याकडं बघितलं. मग त्या बाईलाबी ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हनला, "मी सत्यम, मावशी. ताईला न्यायला आलोय."

 आतनं सविताचा आवाज आला. "लय उशीर केलास रं."

"व्हय ताई," तो म्हनला. "आबा गेले त्याच वर्सी यायला पायजे व्हतं."