शून्य हातांची ओळ

मी एक पांढरा फळा बोलतोय. सांगलीत विश्रामबागेतल्या एका खताच्या दुकानावर खोली आहे, तिथं खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलेला असतो. फळ्यानं लिहून घ्यायचं असतं, बोलायचं नसतं, हे मला कळतं. पण माझ्या अंगावर एक ओळ अकरा महिने पडून राहिली. तिची लाज अजून सुटत नाही, म्हणून तोंड उघडतोय.

माझा जन्म कुपवाडच्या एका वर्कशॉपमधला. मागं प्लायवूड, पुढं गुळगुळीत पांढरा पृष्ठभाग, कडेनं अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. पहिली चार वर्षं गणिताच्या क्लासमध्ये गेली. तिथं लिहिलेलं तासाभरात पुसलं जायचं, त्यामुळं मनावर काही राहिलं नाही. क्लास बंद झाला तेव्हा सरांचा जुना विद्यार्थी राजवर्धन मला मागून घेऊन गेला. तो स्कूटर चालवत होता आणि त्याच्याबरोबर काम करणारी रेश्मा मागं बसून मला दोन्ही हातांनी धरून होती. वारा माझ्यावर आदळला की स्कूटर बाजूला जायची. "दादा, हळू चालव, नाहीतर फळ्यासकट मीच उडून जाईन," असं ती कॉलेज कॉर्नरपर्यंत बजावत राहिली.

राजवर्धन इस्लामपूरचा, घरचा ऊस. रेश्मा इथलीच, बँकेत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी हे दोघं आणि लांबलांबचे वीसेक लोक मिळून 'एकतारी' नावाचं सॉफ्टवेअर बनवतात. त्यात गाणं रेकॉर्ड करायचं, कापायचं, जोडायचं, आवाज वरखाली करायचा. ते कुणालाही फुकट मिळतं. आतली रचनाही उघडी ठेवलेली, ज्याला जमेल त्यानं सुधारावी. बँजो पार्टीवाल्यांपासून कीर्तनकारांपर्यंत बरेच जण ते वापरतात.

वापरणारे हजारो आणि करणारे वीस, म्हणजे मागण्यांचा ढीग होणारच. आधी काय करायचं, हे ठरवण्यासाठी मला आणलं होतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दोघं जमायचे, पेपरवर भडंग ओतायचे आणि माझ्यावर यादी लिहायचे. ज्याचा नंबर वर, ते काम आधी.

नंबर कसा लावायचा, याचा नियम राजवर्धननं पहिल्याच दिवशी सांगितला होता. "लहानपणापास्नं बघतोय, कुठल्याबी कामाला कुणाची तरी चिठ्ठी लागती. आपल्या हितं वशिला चालणार न्हाई. लोकांनी हात वर करायचा. जास्त हात, ते वर."

त्यासाठी त्यानं इंटरनेटवर एक पान केलं. तिथं प्रत्येक मागणी मांडलेली आणि तिच्याशेजारी वर केलेल्या हाताचं छोटं चित्र. त्यावर दाबलं की एक हात मोजला जायचा. बनवणाऱ्यांनी स्वतः हात वर करायचा नाही, हाही नियम. मला ते फार आवडलं. एवढा सरळ कारभार मी क्लासमध्येही पाहिला नव्हता.

आता कबूल करतो, मला थोडी मिजासही चढली होती. चौथी आवृत्ती आली तेव्हा एकतारीचा चेहराच बदलला. बटणांवरची नावं काढून रंगीत चित्रं बसवली. त्या दिवशी माझ्यावर चार रंगांत लिहिलं होतं आणि रेश्मानं माझा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. लोकांनी वाहवा केली. मला वाटलं, यात आपलाही वाटा आहे.

जूनच्या सभेत रेश्मानं एक पत्र वाचून दाखवलं. लिहिणारी आष्ट्याची नीलिमा कांबळे. जन्मापासून तिला दिसत नाही. कॉम्प्युटरमधला एक प्रोग्राम तिला पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो आणि त्यावर ती काम करते. साताऱ्याची एक संस्था न पाहू शकणाऱ्या मुलांसाठी शाळेची पुस्तकं आवाजात तयार करायची. वाचणाऱ्याचं खोकणं, पान उलटल्याचा आवाज, मधेच भुंकलेलं कुत्रं, हे सगळं नीलिमा एकतारीत कापून काढायची. तिची ती पहिलीच नोकरी. नव्या आवृत्तीत बटणांना नावंच उरली नाहीत, म्हणून वाचणारा प्रोग्राम गप्प झाला. सध्या जुनीच आवृत्ती वापरतेय, पण कॉम्प्युटर म्हातारा झालाय, तो बंद पडायच्या आत काही करता येईल का, एवढंच तिनं विचारलं होतं.

रेश्मानं मार्कर उचलला आणि ती ओळ माझ्या मधोमध लिहिली. "बटणांना नावं परत. नीलिमा, आष्टा."

"हात किती?" राजवर्धननं विचारलं.

"आजच पानावर टाकलंय. शून्य."

"मग तळाला घे. वाईट मलाबी वाटतंय गं. पण आज हिच्यासाठी नियम मोडला, तर उद्या दुसऱ्यासाठी मोडावा लागंल."

रेश्मानं ओळ पुसली आणि माझ्या अगदी तळाला, मार्कर ठेवायच्या पट्टीच्या वर, बारीक अक्षरात लिहिली. पुढं शून्य.

जुलैत शून्य. ऑगस्टमध्ये शून्य. वर नवी वाद्यं आली, गडद रंगाचा पडदा आला, दोनशे हात, तीनशे हात. दर महिन्याला वरचं सगळं पुसून नवं लिहिलं जायचं. तळाची ओळ जशीच्या तशी, म्हणून तिला फडकंही लागत नसे. मीही तिकडं बघेनासा झालो. कुणालाच नको असेल तर आपण काय करणार, असं मी मनाशी म्हणालो. हे आठवलं की आजही भिंतीकडं तोंड करावंसं वाटतं.

मे महिन्यात, सभा चालू असताना, जिन्यावर पावलं वाजली. आधी एक म्हातारा माणूस आत आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागं पंचविशीतली मुलगी. खांद्याला लॅपटॉपची पिशवी.

"आमी आष्ट्यास्नं आलोय," म्हातारा म्हणाला. "मी हिचा बाप. आण्णा म्हंत्यात मला. ही नीलिमा. गाण्याचं ते बनवत्यात ते तुमीच न्हवं?"

रेश्मा उभी राहिली ती उभीच. राजवर्धननं खुर्ची पुढं केली, आणि ती दिसणार नाही हे लक्षात येऊन पुन्हा मागं ओढली, मग परत पुढं केली. आण्णांनीच लेकीला बसवलं.

"सर, भांडायला न्हाई आले मी," नीलिमा म्हणाली. "दिवाळीनंतर माझा जुना कॉम्प्युटर गेला. नव्यावर जुनी एकतारी चालत न्हाई. संस्थेनं पाच महिने सांभाळून घेतलं. आता शाळा सुरू व्हायच्या आत काम चालू केलं न्हाई, तर दुसऱ्याला देणार हायत. माझं पत्र मिळालं का, एवढंच विचारायचं होतं."

"मिळालं," राजवर्धन म्हणाला. "यादीत आहे. पण त्याला एकही हात नाही आला. तुमच्या ओळखीच्या लोकांना सांगायचं होतंत, पानावर जाऊन हात वर करा म्हणून."

"सांगितलं की, सर. मीबी गेलते. हात कुठं हाय?"

तिनं लॅपटॉप उघडला, ते पान लावलं आणि आवाज मोठा केला. ती एकेक कळ दाबत गेली तसा आतला आवाज बोलू लागला. "बटन. बटन. बटन. बटन."

"ह्यातलं हाताचं कंचं?" तिनं विचारलं.

राजवर्धन पडद्यावर वाकला. हाताच्या चित्राला नाव द्यायचं राहून गेलं होतं. ज्यांना ते काम हवं होतं, नेमक्या त्यांनाच हात वर करता येत नव्हता. अकरा महिने आम्ही त्यांच्या नावानं शून्य लिहीत होतो आणि त्याला न्याय म्हणत होतो.

"माझी ओळ कुठं लिवलीया?" नीलिमानं विचारलं.

रेश्मानं तिला हात धरून माझ्याजवळ आणलं. दोघींना गुडघ्यावर बसावं लागलं, एवढी ती ओळ खाली होती. नीलिमाची बोटं माझ्यावरून डावीकडून उजवीकडं फिरली, पुन्हा उलटी फिरली.

"ताई, हितं तर कायच न्हाई."

"आहे गं," रेश्मा म्हणाली आणि तिचं बोट त्या बारीक अक्षरांवर टेकवलं.

गुळगुळीत असण्याचा मला फार अभिमान होता. त्या बोटांखाली मी नुसता कोरा निघालो. चार रंगांत नटलो, फोटो काढून घेतले, आणि तिच्या हाताला सांगता येईल असं माझ्याकडं एक अक्षर नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

राजवर्धनचे कान लाल झाले होते. त्यानं फडकं घेतलं आणि मला वरून पुसायला सुरुवात केली. "सगळं बाजूला. हिचं काम पहिलं."

"पुसू नका, सर," नीलिमा म्हणाली. "मी हितं आले म्हणून वर घेतलं, तर तो वशिलाच झाला. माझ्यासारखी लय जणं हायती, ती कुठं येणार जिना चढून? आदी हात वर करायचं बटन बोलतं करा. मग मोजा."

"आगं पोरी, तुझं काम जाईल की," आण्णा म्हणाले.

"जाईल तर जाईल, आण्णा. पर रांगेत हुबं तर ऱ्हाऊ द्या मला."

राजवर्धन लॅपटॉपपाशी बसला. खालून चहा आला, तो गार झाला, दुसरा आला. दुसरा संपायच्या आत काम झालं. चाळीस मिनिटं, फार तर. अकरा महिने आणि चाळीस मिनिटं, हा हिशेब त्यानं कुणाला बोलून दाखवला नाही, पण त्याचा चेहरा मला समोरच दिसत होता.

नीलिमानं पुन्हा कळ दाबली. "हात वर करा, बटन," आतला आवाज म्हणाला. ती हसली आणि तिनं बटण दाबलं. रेश्मानं माझ्या तळाशी शून्यावर काट मारून एक लिहिला.

आठ दिवसांत चारशे त्रेसष्ट हात वर झाले. साताऱ्याहून, नागपुरातून, कुठल्या कुठल्या गावांतून. ओळ आपल्या बळावर सगळ्यांच्या वर गेली. राजवर्धननं त्या कामासाठी ऊस, बाजार, लग्नकार्य काही बघितलं नाही. तरी सगळ्या बटणांना नावं द्यायला जुलै उजाडला. शाळा जूनमध्येच सुरू झाल्या होत्या. संस्थेनं काम दुसऱ्याला दिलं होतं आणि ते नीलिमाकडं परत आलं नाही.

ती आता आष्ट्यात मुलांना पेटी शिकवते. एकतारीची प्रत्येक नवी आवृत्ती आधी तिच्याकडं जाते. ती ऐकून "बोलतीया" म्हणाली, तरच बाहेर पडते. दिवाळीत तिनं जाड कागदाची एक पट्टी पाठवली, उठलेल्या ठिपक्यांत तिची ओळ लिहिलेली. रेश्मानं ती माझ्या तळाशी चिकटवली.

त्या पट्टीशेजारी जुनी शाई अजून आहे. इतके महिने न पुसल्यामुळं ती अंगात मुरली, फडक्यानं जात नाही. राजवर्धननं स्पिरिटची बाटली आणली होती, पण ती उघडलीच नाही. काट मारलेलं शून्य अजून वाचता येतं.

तुम्हीही कुठं ना कुठं याद्या करत असाल, आधी कुणाचं आणि मग कुणाचं ते ठरवत असाल. एखाद्या नावापुढं शून्य दिसलं, तर लगेच पुढं जाऊ नका. एकदा विचारा, त्याला हात वर करता येत होता का. मी विचारलं नाही.