ताईचं पोहणं आणि सहा स्क्रीन

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तुमची थोरली बहीण भल्यामोठ्या तळ्यात पोहते आहे, या काठावरून थेट त्या काठावर. गेल्या वर्षी तिचा खांदा दुखावला होता. डॉक्टरांनी आता कुठे होकार दिला आहे. शेजारून चाललेल्या होडीत कॅमेरा आहे आणि तुम्ही घरी कॉम्प्युटरवर तिला बघताय. ताईने हात उचलला, आणि चित्र थिजलं. मधोमध चाक गरगरू लागलं. हात पाण्यात परत गेला की खांदा आखडून तिथेच अडकला, कसं कळणार?

मिरीच्या घरी अगदी असंच झालं. मिरी ही त्या ताईची धाकटी बहीण. दाण्याएवढी आणि तिखट, म्हणून मिरी.

"परत थांबलं," आई म्हणाली. हातातल्या टॉवेलची तिने पिळून पिळून वात केली होती.

"कॉम्प्युटर म्हातारा झालाय." मामाने त्याला एक चापट दिली. "मालकासारखाच. काय दाजी?"

बाबा हसले नाहीत. ते लिफ्टचे मेकॅनिक. त्यांच्या कामातला पहिला धडा असा, की एका दोरावर भरवसा ठेवायचा नाही. लिफ्ट चार-पाच दोरांवर टांगायची. एक तुटला तर बाकीचे सावरतात. म्हणून त्यांनी सकाळीच टीव्हीवर, टॅबवर, स्वतःच्या आणि मामाच्या फोनवरही ताईचं पोहणं आवाज बंद करून लावून ठेवलं होतं.

"घाबरू नका, दुसरा दोर आहे," म्हणत ते टीव्हीकडे वळले. तिथेही चाक. टॅबवरही चाक. मग त्यांनी आईचा फोन घेतला आणि त्याच्यावरही तेच लावलं. आता तर चाकाशिवाय काही दिसेना.

आईचा चेहरा उतरला. "बुडाली तरी आपल्याला कळायचं नाही."

"अगं, असं अभद्र बोलू नकोस," मामा म्हणाला. तेवढ्यात त्याच्या फोनची बॅटरी संपली आणि तो बंद पडला.

त्याच क्षणी कॉम्प्युटरवर ताईचा हात खाली आला, पुन्हा वर गेला, आणि थांबला.

मिरीने मामाच्या काळ्याठिक्कर फोनकडे पाहिलं. मग गुपचूप टॅब बंद केला. ताई आणखी चार हात पुढे गेली.

"बाबा, हे दोर नाहीयेत."

"मग काय आहेत?"

"माणसं. घरात येणारी इंटरनेटची वायर एकच आहे ना? वायफायही तिचंच. ती आपली लिफ्ट. तुम्ही एका लिफ्टमध्ये सगळ्यांना कोंबलंय."

"दाजी, ओव्हरलोड," मामा हळूच म्हणाला.

मिरीचं खरं होतं. चित्र घरात येतं ते तुकड्यातुकड्यांनी. कॉम्प्युटर थोडे तुकडे आधी साठवतो आणि एकेक दाखवत जातो. साठा संपला आणि नवे पोचले नाहीत, की चाक फिरवत वाट बघतो. दर वेळी कारण एकच नसतं. पण इथे एकाच वायरीवर सहा जण ओढाताण करत होते, म्हणून कुणाचंच पोट भरत नव्हतं.

बाबांनी बाकी सगळीकडचं चित्र बंद केलं. चौघं कॉम्प्युटरसमोर दाटीवाटीने बसले. चाक एकदा फिरलं आणि गेलं. ताई पोहत होती, सावकाश, पण दोन्ही हातांनी. काठ जवळ आला. तिचे पाय वाळूला लागले, ती उभी राहिली आणि दुखरा हात तिने डोक्यावर उंच धरला.

आईने टॉवेलात तोंड लपवलं. बाबांनी इतका मोठा श्वास सोडला, की मामा म्हणाला, "दाजी, आता तळमजला आला."

थोड्या वेळाने बाबांचा फोन वाजला. ताईच होती. बाबांनी तो आईपुढे धरला, पण आई तर रडतच होती. मिरीने फोन घेतला, कानाला लावला आणि म्हणाली, "ताई, आम्ही सगळं पाहिलं. आधी सांग, पाणी गार होतं का?"