सान इसिद्रोला जेवायला

मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि माझ्या बैठकीखालच्या हत्यारांच्या डब्यात, पान्यांच्या शेजारी, एक पत्र कित्येक वर्षे पडून होते. 'दर रविवारी भट्टी उघडतो. खिडकीजवळ तुझी खुर्ची ठेवली आहे. येतोस का ते कळव.' एवढाच मजकूर. माझ्या मालकांनी, डॉन आन्सेल्मोंनी, त्याला उत्तर दिले नव्हते. मित्रांनो, मला हे नीट सांगता येईल का, कोण जाणे. यंत्राला बोलायची सवय नसते.

मला जोडले ते एका गोंगाटाच्या कारखान्यात, पण जगणे कळले ते पुएब्ला शहरातल्या एका छापखान्याच्या दारात. डॉन आन्सेल्मो तिथे मुद्रिते तपासत आणि क्रेसेन्सिओ छपाईयंत्र चालवी. एक अबोल, दुसरा बडबड्या. रविवारी दोघे माझ्यावर बसून कुठल्याशा लहान गावी जेवायला जात. मागे बसलेला क्रेसेन्सिओ गात असे. गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकाने गाणे तोडले, की पुढे तो नेमका तुटल्या शब्दापासूनच ते उचली. छापखान्यातली माणसे मालकांना आदराने डॉन म्हणत आणि मला राणी. मला ते खरे वाटत नसे, पण आवडे.

पुढे क्रेसेन्सिओचे वडील थकले. त्यांची जमिनीत खणलेली मटणाची भट्टी आणि खाणावळ सांभाळायला तो सान इसिद्रो या आपल्या गावी गेला आणि तिथून त्याने ते पत्र धाडले. डॉन आन्सेल्मो रोज अंगणात, माझ्याजवळ बसून उत्तर लिहू लागत. पण दुसऱ्यांच्या चुका खोडण्यात ज्याची हयात गेली, त्याला स्वतःचे वाक्य कसे पटावे? लिहीत, खोडत, फाडत. उत्तराला उशीर झाला, मग उशिराची लाज वाटू लागली. लाजेपायी त्यांनी पत्र माझ्या डब्यात ठेवले आणि माझ्यावर ताडपत्री ओढली. ताडपत्रीखाली ना ऊन कळते, ना रविवार. माझ्या टाकीला गंज चढला.

एके शनिवारी गल्लीत भंगारवाल्याची गाडी ओरडत आली. ही विकायची का, असे विचारत त्याने ताडपत्री उचलली, मला निरखले आणि चाकाला लाथ मारली. डॉन आन्सेल्मो डबा रिकामा करायला वाकले आणि पत्र त्यांच्या हाती लागले. ते उभ्यानेच त्यांनी वाचले. मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "माफ करा, ही विकायची नाही." त्यांना कुणाला नाही म्हणताना मी प्रथमच ऐकले. दिवसभर त्यांनी मला पुसले, तेल घातले, ठिणगी येते का ते पाहिले. मला मात्र एकच घोर होता: ती खुर्ची अजून असेल का?

रविवारी आम्ही निघालो. मी खोकत होते, तेही खोकत होते. दोन्ही बाजूंना घायपाताच्या निळसर रांगा होत्या आणि मोडक्या आरशात मागे ज्वालामुखीचे पांढरे टोक थरथरत होते. गतिरोधक होते तिथेच होते. गाणे तेवढे नव्हते.

खाणावळ गच्च भरली होती. घायपाताच्या पानांत रात्रभर शिजलेल्या मटणाची वाफ दाराबाहेर येत होती. डॉन आन्सेल्मो उंबऱ्याशी जाऊन परत फिरले. कारण मी ओळखले. आमच्याकडे खाणावळीत शिरणाऱ्याने वाटेतल्या प्रत्येक टेबलाला 'सावकाश होऊ द्या' म्हणायचे असते, ओळख असो वा नसो. जो मुकाट्याने आत जातो, तो उर्मट ठरतो. खिडकी अगदी पलीकडच्या टोकाला होती. मध्ये सगळे गाव जेवत बसले होते.

त्यांनी माझे तोंड घराकडे वळवले आणि किक मारली. तेव्हा माझ्या नळकांड्यातून बंदुकीसारखा बार निघाला. मी तो मुद्दाम काढला, असे सांगायला मला आवडले असते. पण ते काम कार्ब्युरेटरमधल्या कचऱ्याचे.

सगळे चमचे थांबले. दाराजवळची शालवाली म्हातारी माझ्याकडे पाहून म्हणाली, "सावकाशच चाललंय गं बाई, दचकवू नकोस." लोक खो खो हसले. मग तिने डॉन आन्सेल्मोंकडे हनुवटी उडवली. "गाडी बोलली. आता धनी बोलणार, की तिलाच आत पाठवणार?"

डॉन आन्सेल्मोंचे कान लाल झाले. "सावकाश होऊ द्या," ते पुटपुटले. पुढच्या टेबलाला जरा मोठ्याने म्हणाले. त्याच्या पुढच्याला आणखी मोठ्याने. मी दारातून पाहत होते. अख्खा डोंगर चढणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पण एवढी चढण कुणी चढलेली पाहिली नाही.

क्रेसेन्सिओ वाफाळलेले हात पुसत मागच्या भट्टीवरून आला. "आवाजावरून गाडी ओळखली," तो म्हणाला. "माणूस मात्र पार पांढरा झालाय."

खिडकीजवळ ती खुर्ची होती. कुणी बसू नये म्हणून तिच्यावर आडवी दोरी बांधलेली होती. क्रेसेन्सिओने गाठ सोडली. "नवी माणसं समजतात, मेलेल्याची आहे. परवा एकजण छातीवर क्रूस काढून गेला."

"क्रेसेन्सिओ, मी उत्तर..."

"आधी जेव."

ते जेवले. आधी हिरव्या मिरचीच्या चटणीबरोबर मटण, मग मक्याच्या गरम टोर्तिया रश्शात बुडवून. घास घेता घेता ते मधूनच डोळे टिपत, आणि दोष चटणीला देत. मागच्या भट्टीवरून गाणे ऐकू आले. तुटले होते तिथूनच पुढे.

निघताना क्रेसेन्सिओ म्हणाला, "तू आलास, ते वेगळं. पत्राचं उत्तर पत्रानंच यायला हवं. तोंडी चालायचं नाही, कोंपाद्रे, दोस्ता."

मित्रांनो, तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली कुणी असेल, तर त्याला बाहेर काढा. ते आधी खोकेल, धूर सोडेल, चारचौघांत तुमची शोभा करील. तरी काढा.

खाणावळीसमोरच्या चौकात, माझ्या टाकीवर कागद ठेवून, डॉन आन्सेल्मोंनी लिहिले: 'येतो. दर रविवारी. खुर्ची ठेव.' एक अक्षर चुकले होते. ते त्यांना दिसले. लेखणी वर उचलली गेली आणि हवेतच थांबली. मग त्यांनी चुकीसकट कागद पाकिटात घातला, खिशातले टपालाचे तिकीट त्यावर चिकटवले आणि ते समोरच्या टपालपेटीत टाकले. ते पत्र आता पुएब्लाला जाईल, तिथे शिक्का खाईल आणि फिरून ह्याच चौकात येईल. खाणावळीच्या दारात उभा राहून क्रेसेन्सिओ हे सगळे पाहत होता. पेटीचे झाकण पडल्याचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचला. त्याने हात हलवला आणि आत गेला, टपालाची वाट पाहायला.