कारण क्रमांक चार

हृदयविभागात चहाबरोबर बिस्किटंही आली, तेव्हाच नोंदणीच्या बाईंनी ओळखलं, आज कुणाचं तरी कौतुक व्हायचं आहे. कौतुक निघालं देशाचं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर देशभरात दर वर्षी किती उपचार झाले, याचा वीस वर्षांचा अहवाल छापून आला होता. त्यातले या रुग्णालयाचे अठरा वर्षांचे आकडे बाईंच्या हातचे. कॅथलॅबमधून, म्हणजे नळी घालून हृदय तपासतात त्या खोलीतून, कागद यायचे, बाई चष्मा नाकावर ओढून ते संगणकात भरायच्या आणि महिनाअखेर सगळं राजधानीला जायचं.

मोठे डॉक्टर पानं उलटून दाखवत होते. छाती उघडून करायची बायपास हळूहळू कमी झाली होती. फुगा घालून स्टेंट बसवण्याचं काम कितीतरी पटींनी वाढलं होतं. पूर्वी नळी मांडीतून घालत, आता मनगटातून. पूर्वी माणूस आठवडाभर पडून असे, आता तिसऱ्या दिवशी घरी जाऊन चहात साखर कमी का, म्हणून भांडतो. आलेखाच्या रेघा डोंगर चढल्यासारख्या वर गेल्या होत्या.

"आणि ही?" बाईंनी तळातल्या एका रेघेवर बोट ठेवलं. ती वीस वर्षं जमिनीला पाठ टेकून पडली होती.

"ती स्त्रियांची," डॉक्टर म्हणाले. "बायकांना हा आजार उशिरा होतो. शिवाय त्या तयारच होत नाहीत. तुमच्याच नोंदीत आहे की."

होतंच. अर्जात एक रकाना होता: उपचार सुचवूनही झाला नसल्यास कारण. एक, प्रकृती अस्थिर. दोन, औषधांनी भागलं. तीन, दुसरीकडे गेले. चार, रुग्णाची इच्छा नाही. बायकांच्या कागदांवर चार इतक्यांदा यायचा, की बाईंचं बोट न बघता त्या कळीवर पडे. बायकांना भीती वाटते, अशी त्यांनीही स्वतःची समजूत घातली होती. समजूत घालून घेण्यात अठरा वर्षं कशी जातात ते कळतही नाही.

त्याच दुपारी कॅथलॅबचा गठ्ठा आला आणि त्यात तिसरा कागद त्यांच्या थोरल्या जावेचा निघाला.

थोरल्या जावेला बाई ताई म्हणत. ताई घरी तळमजल्यावर शाळेचे गणवेश शिवत. त्यांच्या मशीनचा आवाज घराच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो थांबल्यावरच कुणाच्या लक्षात यायचा. गेले दोन महिने तो तुटत तुटत यायला लागला होता. एक बाही, मग थांबणं. जिना चढताना ताई मधल्या पायरीवर उभ्या राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं. जबडा दुखतो म्हणाल्या, तर घरच्यांनी दाढ दाखवायला सांगितली. पाठ दुखते म्हणाल्या, तर मशीनवर खापर फोडलं. छातीत जळजळलं, तर पित्त. तीन वर्षांपूर्वी ताईंच्या यजमानांना, म्हणजे भाऊजींना, अंघोळ करताना डाव्या हातात कळ आली, तेव्हा अंगावरचा साबणसुद्धा न पुसता शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्यांना नेलं होतं. दीड तासात स्टेंट. त्या दिवशी दाढ कुणालाच आठवली नव्हती.

शेवटी बाईंनीच हट्टाने ताईंची अँजिओग्राफी करून घेतली होती. निकालाच्या वेळी बाई आपल्या टेबलावरच्या कामात अडकल्या होत्या, म्हणून डॉक्टरांशी भाऊजी बोलले. घरी येऊन त्यांनी सांगितलं, तूर्त गोळ्या घेऊन बघायचं. बाईंना हायसं वाटलं होतं. आता कागद सांगत होता, दोन रक्तवाहिन्या अरुंद, येत्या मंगळवारी स्टेंट बसवावा. आणि रकान्यात, कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात, चार.

बाईंचं बोट कळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. कागद बाजूला ठेवून त्या लवकर घरी निघाल्या.

ताई कॉलर उलटवत होत्या.

"ताई, स्टेंटला तुम्ही नाही म्हणालात?"

"कसला स्टेंट?"

"डॉक्टरांनी मंगळवारी बोलावलंय तुम्हाला. दोन ठिकाणी अडथळा आहे."

मशीन थांबलं. ताईंनी कापड सुईखालून काढलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"मी आत कपडे बदलत होते, धाकटे. बाहेर आले तोवर ह्यांचं बोलणं झालेलं. मला वाटलं, डॉक्टरच गोळ्या म्हणाले." मग थोड्या वेळाने, "मला कुणी विचारलं कुठे?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी या वर्षात चार क्रमांक लागलेल्या बायकांची यादी काढली. ताईंना सोडून अकरा निघाल्या. तब्येतीची चौकशी करणं हे बाईंच्या कामातच होतं, कुणी कधी केली नव्हती इतकंच. दोघींनी खरंच नकार दिला होता. एकीने तर भीती कशाची वाटते ते सविस्तर सांगितलं आणि डॉक्टरांच्या मिशांनाही नावं ठेवली. एकीचा फोन लागला नाही. सातजणींना काही माहीतच नव्हतं. कुणाच्या मुलाने ठरवलं होतं, कुणाच्या नवऱ्याने, एकीच्या जावयाने. एक म्हातारी म्हणाली, तुम्ही सांगताय ते खरं असेल तर आमचा थोरला मला बोललाच असता.

अकरावा फोन एका पुरुषाने उचलला.

"ती गेली," तो म्हणाला. "दोन महिने झाले. भांडी घासताना." मग म्हणाला, "आम्ही तिला सांगणारच होतो हो. मुलांच्या परीक्षा संपल्या की."

बाईंनी ती नोंद उघडली. चार. खाली भरणाऱ्याचं नाव म्हणून त्यांचंच.

संध्याकाळी ताटं वाढली गेली आणि बाईंनी विषय काढला. त्यांच्या नवऱ्याने, जेवताना कशाला, असं म्हणून पाहिलं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ताटात लक्ष घातलं.

"मी काय तिचा वैरी आहे?" भाऊजी म्हणाले, आणि ते खरंच दुखावले होते. "लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय. गणवेशांची एवढी ऑर्डर. म्हटलं, आधी गोळ्यांनी बघू. तिला झेपलं पाहिजे ना."

"तुम्हाला झेपलं."

"माझं वेगळं होतं. मला अटॅक आलेला."

"म्हणजे यांना येईपर्यंत थांबायचं?"

भाऊजी पाणी प्यायले. वाईट माणूस नव्हता तो. बायकोच्या दुखण्याला सवडीची तारीख द्यायची, हे ते कुठे शिकले असंही नाही. घरात पूर्वीपासून तसंच चालत आलेलं.

"मला मंगळवारी जायचंय," ताई म्हणाल्या. त्या वाढत होत्या. वाढता वाढताच म्हणाल्या.

"आणि घराचं काय?"

"तुमच्या वेळी घर कुठे पळून गेलं होतं?"

मंगळवारी संमतीचा कागद खिडकीतल्या माणसाने सरळ भाऊजींपुढे सरकवला. भाऊजींनी सवयीने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. ताईंनी हात पुढे केला. क्षणभर भाऊजींना कळेचना काय हवंय ते. कळलं तेव्हा त्यांनी पेन दिलं, आणि ताईंचा चष्मा घरी राहिला होता म्हणून वाचायला आपला चष्माही. ताईंनी कागद पूर्ण वाचला. मागे रांग कुरकुरली. मग गणवेशाच्या पावतीवर करतात तशी ठसठशीत सही केली आणि डॉक्टरांना बजावलं, नळी डाव्या मनगटातून घाला, उजव्यात मी कात्री धरते.

चौथ्या आठवड्यात मशीन पुन्हा सुरू झालं. सबंध पँट, एका दमात.

बाईंनी ताईंच्या नावापुढे 'उपचार झाला' अशी नोंद केली. ज्यांना विचारलंच नव्हतं, त्या सातजणींच्या आणि गेलेल्या बाईच्या अशा आठ नोंदींतला चार मात्र त्यांनी पुसला. संगणक रिकामा रकाना घेईना, म्हणून त्यांनी शेऱ्यात लिहिलं: इच्छा विचारलेली नाही. राजधानीहून उत्तर आलं, असं कारण नमुन्यात नाही, एक ते चारपैकी निवडावं. बाईंनी पत्र लिहिलं, पाचवं कारण छापा. उत्तर आलं, विचार करू. दुसऱ्या महिन्यात त्यांनी पुन्हा लिहिलं. मोठे डॉक्टर म्हणाले, बाई, तुमच्यामुळे आपला अहवाल अडतोय. बाई म्हणाल्या, अडू द्या.

त्या सातजणींपैकी तिघी उपचाराला येऊन गेल्या. चौघींच्या घरी अजून विचार चालू आहे.

आता चार दाबण्याआधी बाई फोन उचलतात. दुसऱ्या बाजूला आधी कुकरची शिट्टी, चालू नळ, मग बहुतेकदा पुरुषाचा आवाज. काय काम आहे, मला सांगा, मी सांगतो तिला.

"नको," बाई म्हणतात. "त्यांच्याच हातात द्या. मी थांबते."