आठची गोळी

"मूर्ती तुझ्याकडं येनार नाय, बाय. आदीच सांगून ठेवते. मग उद्या आळीत तमाशा नको," नॅन्सी कुंपणापलीकडून म्हणाली आणि हातातल्या तांब्यातलं पाणी तिने अबोलीच्या वाफ्यावर असं फेकलं की निम्मं आल्बिनाच्या अंगणात आलं.

आल्बिना ओटा धूत होती. तिने खराटा थांबवला नाही.

"फादरनी यादीत माजं नाव लिहिलंय."

"फादर काय, आज हाय, उद्या दुसऱ्या धर्मग्रामात. आमाला इतंच रायचंय."

हे खरं होतं, आणि खरं बोलताना नॅन्सीला फार बरं वाटत असे. ती आल्बिनाची धाकटी जाऊ. तिचा नवरा ऑस्कर म्हणजे आल्बिनाचा दीर. दोन घरांच्या मध्ये गुडघाभर उंचीचं कुंपण होतं. पूर्वी त्यावरून सुक्या बोंबलाची आमटी, फणसाचे गरे आणि सगळ्या आळीच्या भानगडी इकडून तिकडे जात. गेली तीन वर्षं त्यावरून टोमण्यांखेरीज काही आलं नव्हतं.

ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, मण्यांच्या माळेवर म्हणायच्या प्रार्थनेचा महिना. आळीत मारियेची मूर्ती रोज एका घरी मुक्काम करते. संध्याकाळी सगळे त्या घरी जमतात आणि रोझरी म्हणत मूर्ती पुढच्या घरी पोचवतात. आजच्या घरचा कर्ता पुरुष ती उचलतो, पुढच्या घरची बाई फाटकात दोन्ही हातांनी घेते. मूर्ती वाटेत कुठे टेकवायची नाही, हातातून हातात द्यायची. क्रम घरांचा, माणसांच्या मर्जीचा नव्हे, असं म्हणतात तरी. आज मूर्ती ऑस्करच्या घरी होती. उद्या घरांच्या क्रमाने ती आल्बिनाकडे यायला हवी होती.

आल्बिनाला तेवढंच हवं होतं. एक रात्र. तिच्या घरातल्या वेदीवरची मधली जागा तीन वर्षं रिकामी होती. तिने तिथे नवी मूर्ती आणली नव्हती. वसईच्या बाजारात शंभर मूर्ती मिळतात, पण विकत आणून ती जागा भरायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटे. आळीने आणून ठेवली तर गोष्ट वेगळी.

जागा रिकामी कोणी केली, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आल्बिनानेच.

चार वर्षांपूर्वी प्लासिडची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, साखर चारशेवर गेली आणि हृदयाचंही दुखणं निघालं. घाबरलेल्या माणसाला कोणीही हाताला धरून कुठेही नेतं. आल्बिनाला फॉल-पिकोला साड्या देणाऱ्या एका बाईने चंदनसारला नेलं. तिथे एका गाळ्यात 'शेवटची हाक परिवार' भरत असे. प्लास्टिकच्या खुर्च्या, मोठमोठे स्पीकर आणि माइकवर ब्रदर. पहिल्या दिवशी ब्रदरने आल्बिनाच्या डोक्यावर हात ठेवून काय झालं विचारलं आणि ती ढसाढसा रडली. इतकी वर्षं देवळात जाऊन आपल्याला कोणी असं विचारलं नव्हतं, हेही खोटं नव्हतं. परिवाराचं सगळं गोडच होतं हो, सहा महिने. मग नियम सुरू झाले. देवळात जायचं नाही. नात्यातल्या लग्नाला, मयताला जायचं नाही. फोन दाखवायचा. घरातल्या मूर्ती म्हणजे सैतानाची भांडी, त्या स्वतःच्या हाताने टाकायच्या. आणि गोळी म्हणजे अविश्वासाचा घास.

आल्बिनाने सासूच्या वेळची मारियेची मूर्ती वेदीवरून उतरवली. प्लासिडच्या गोळ्यांची पाकिटं त्याच पिशवीत भरली. घरामागच्या बावखलात, पावसाचं पाणी साठून राहतं त्या जुन्या तळ्यात, पिशवी सोडून दिली. प्लासिड मागच्या दारात उभा होता. तो एवढंच म्हणाला, "तुला बरं वाटतं ना? मंग झालं." साधा माणूस. पंचवीस वर्षं एसटीच्या वसई डेपोत गाड्यांचे टायर बदलले, कधी कोणाला उलटून बोलला नाही. तेव्हा उलटून बोलला असता तर!

प्लासिडच्या फोनमध्ये आठ वाजताचा गजर होता. संध्याकाळची गोळी विसरू नये म्हणून ऑस्करने लावून दिलेला, कोंबड्याच्या आरवण्याचा. रात्री आठला कोंबडा आरवला की दोघे भाऊ हसत. पिशवी बुडवल्यावरही पाच महिने तो कोंबडा रोज आरवला. प्लासिड आल्बिनाकडे बघायचा आणि आल्बिना फोन बंद करायची. शेवटी शेवटी गाळ्यात माइकसमोर उभं राहून तिने साक्षही दिली की माझा नवरा गोळ्यांवाचून बरा झाला, हालेलुया. परिवाराने तिचा व्हिडिओ काढला. साक्षीनंतर अकराव्या दिवशी प्लासिड गेला. व्हिडिओ मात्र अजून फिरतो आहे. आळीतल्या प्रत्येक फोनमध्ये तो आहे, ऑस्करच्याही.

पुढच्या सभेत ब्रदर म्हणाला, तुझा विश्वास कमी पडला म्हणून तो गेला, ये, सर्वांसमोर कबूल कर. आल्बिना माइकपर्यंत गेली. माइक हातात घेतला, तसाच खाली ठेवला. ती वळली आणि बाहेर पडली, चपला गाळ्याच्या दारातच राहिल्या. अनवाणी रिक्षात बसून ती घरी आली. त्या चपला आणायला ती कधी गेली नाही. परिवाराकडून मात्र अजून निरोप येतात, बायबलातल्या त्या बाईसारखी मागे वळून बघणारी मिठाचा खांब होते म्हणून. आल्बिना तो नंबर अडवते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून येतो.

मग बरं व्हायचं काम सुरू झालं, आणि ते मरणापेक्षा चिवट निघालं. तिलाही रक्तदाब निघाला होता. डॉक्टरने दिलेली पहिली गोळी तिने ओकून टाकली. घशातून उतरेचना, पाप गिळतोय असं वाटायचं. शनिवारी ती एका मठात सिस्टरकडे बोलायला जाऊ लागली. सिस्टर उपदेश करीत नसत, शेंगा सोलत ऐकत बसत. चौथ्या महिन्यात आल्बिनाने प्लासिडचा फोन कपाटातून काढला, चार्ज केला आणि आठचा गजर पुन्हा चालू केला. तेव्हापासून रोज ती दार लावून बसते आणि कोंबडा आरवला की गोळी घेते. गोळ्यांचं पाकीट वेदीवर ठेवते, रिकाम्या जागेच्या शेजारी. कोणाला हे सांगितलं असतं तर वेडी म्हणाले असते, म्हणून तिने सांगितलं नाही.

देवळात ती मागच्या बाकावर बसू लागली. बाकावरच्या बायका सरकून बसत, आणि जागा करून द्यायला नव्हे. फॉल-पिकोचं काम कधीच बंद झालं होतं. मूर्तीसाठी विचारायला गेली तेव्हा फादर म्हणाले, "नाव मी लिहितो. दार तू उघडं ठेव. त्यापुढं माझा हात पोचत नाही."

नॅन्सीच्या टोमण्याच्या दुसऱ्या दिवशी तिने दार उघडं ठेवलं.

घर धुऊन काढलं. वेदीवर सासूच्या हातचा क्रोशाचा रुमाल अंथरला. दारातल्या सोनचाफ्याची फुलं काढून परडीत ठेवली, फाटकाबाहेरून उंबऱ्यापर्यंत पाकळ्या टाकल्या. चण्याची उसळ केली, रोझरीनंतर वाटतात म्हणून. चाळीस माणसांची. करताना तिलाच हसू आलं, चार माणसं आली तरी खूप. पण कमी करायला हात धजला नाही.

साडेसातला ऑस्करच्या घरातून रोझरी सुरू झाल्याचा आवाज आला. नॅन्सी सांगत होती, लोक उत्तर देत होते. रोझरी अशीच चालते. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली अर्धी सगळ्यांनी. गाळ्यात हे नव्हतं, तिथे फक्त ब्रदर बोलायचा. आल्बिना मेणबत्ती पेटवून फाटकात उभी राहिली आणि तिथूनच उत्तर देऊ लागली, हळू आवाजात.

शेवटचं दशक, म्हणजे शेवटच्या दहा प्रार्थना, चालू असताना माणसं बाहेर आली. पुढे मेणबत्त्या, मध्ये ऑस्कर, त्याच्या हातात निळ्या झग्याची मूर्ती. पाच, सहा. आल्बिना मण्यांवर मोजत होती. सहावी 'नमो मरिया' संपता संपता ऑस्कर तिच्या फाटकासमोर आला. तिने मेणबत्ती खांबावर टेकवली आणि दोन्ही हात पुढे केले.

ऑस्कर थांबला. प्रार्थनाही थांबली. पुढचं वाक्य नॅन्सीने उचललंच नाही.

"गोळ्या कोनी टाकल्या?" ऑस्करने विचारलं. आवाज चढवलाही नाही.

कोणीतरी म्हणालं, "ऑस्कर, मूर्ती हातात हाय..."

"हातात हाय म्हनूनच इचारतो. सगळ्यांसमोर सांगू दे. साक्ष द्यायची सवय हाय तिला."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.  सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ब्रदरने सांगितलं होतं. मी घाबरले होते. प्लासिड हो म्हणाला होता. सिस्टरसमोर ती हे सगळं बोलली होती आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण इथे फाटकात, चाफ्याच्या पाकळ्यांवर उभं राहून ते बोलणं म्हणजे पुन्हा माइक हातात घेणं होतं.

"मी टाकल्या," ती म्हणाली. "आईची मूर्ती पन मीच टाकली. ह्याच हातानं."

"मंग त्याच हातात ही देऊ?"

तिने हात मागे घेतले नाहीत. पुढेही केले नाहीत. होते तिथेच राहू दिले.

तेवढ्यात घरात कोंबडा आरवला.

रात्री आठला आरवणारा कोंबडा आळीत एकच होता आणि तो तीन वर्षांपूर्वी मेला असं सगळे समजत होते.  मूर्ती ऑस्करच्या हातात जराशी कलली, त्याने ती छातीशी धरली. कोंबडा आरवतच होता. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"वयनी," ऑस्कर म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "तो बंद कर."

"नाय," आल्बिना म्हणाली. "गोळी घेतल्याबिगर मी तो बंद नाय करत."

ऑस्करने मूर्तीवरून तिच्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलले. तो भावासाठी रडणार आहे असं आल्बिनाला वाटलं, आणि तो रडला असता तर तीही रडली असती, पण माणसाला जे सोपं असतं तेच तो आधी करतो. त्याने मान फिरवली आणि पाऊल उचललं. नॅन्सीने घाईघाईने एक गीत सुरू केलं, उरलेली प्रार्थना तिथेच सोडून. माणसं पाकळ्यांना वळसा घालून पुढच्या घराकडे गेली. कोणाचा पाय पाकळ्यांवर पडला नाही, हे आल्बिनाने बघितलं. हा मान की विटाळ, ते तिला कळलं नाही.

गीत बावखलाच्या कडेने लांब गेलं. ती घरात आली. गोळी घेतली, पाणी प्यायली, कोंबडा बंद केला. चण्याचं पातेलं झाकलं. चाळीस माणसांचे चणे ती आता आठवडाभर खाणार होती.

मग ती वेदीसमोर गुडघे टेकून बसली. बोटं अजून सहाव्या मण्यावर होती. दशकातल्या चार प्रार्थना बाहेर फाटकाशी तशाच राहिल्या होत्या आणि अर्धवट टाकलेलं तिला आता चालत नव्हतं. तिने पहिली अर्धी प्रार्थना मोठ्याने म्हटली, सांगणाऱ्याची. थोडी थांबली. दार उघडंच होतं, बाहेर कोणी नव्हतं. मग उत्तरही तिनेच दिलं. अशा चारही म्हटल्या, प्लासिडच्या नावाने.

दार तिने लावलं नाही.