पिशवीला हात लावू नका

मला एक सांगा, ‘पिशवीला हात लावू नका’ यात न कळण्यासारखं काय आहे? चार शब्द, आणि त्यातला एकही अवघड नाही. ताईचा पाय मोडला म्हणून मी तिच्याकडे निघाले, तेव्हा दारात चपला घालता घालता मी हे आमच्या ह्यांना सांगितलं. बसस्टॉपवरून फोन करून पुन्हा सांगितलं. हे म्हणाले, “बरं.” ह्यांच्या ‘बरं’चा अर्थ मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही लागलेला नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

पिशवी म्हणजे साधी प्लास्टिकची पारदर्शक पिशवी. आत नारळाच्या काथ्याचा ओलसर भुसा, कुंड्यांत घालतात तो. बघणाऱ्याला वाटेल, कुणी चहाचा चोथा पिळून ठेवलाय. पण त्या भुशात किलीफिशची अंडी होती. हा मासा डबक्यात राहतो. डबकं आटलं की मासे सगळेच्या सगळे मरतात, आणि मागे चिखलात अंडी राहतात. ती पाण्यावाचून महिनोन् महिने तग धरतात आणि डबकं भरलं की फुटतात. घरीही तेच करायचं. माशांनी भुशात अंडी घातली की भुसा पिळायचा, पिशवीत बांधायचा, कपाटात ठेवायचा आणि वाट बघायची. माझे मोठे मासे केव्हाच गेले होते, उरली होती ती एवढी पिशवी. ज्या फोटोग्राफरने मला ही जात दिली त्याने आपल्या टाक्या मोडीत काढल्या, आणि ज्या डबक्यातून ती मुळात आली तिथे आता गाड्या उभ्या करतात. पिशवी गेली की जात गेली. हे मी ह्यांना घसा बसेपर्यंत सांगितलं होतं.

मी घड्याळं दुरुस्त करते. डोळ्याला भिंग लावून दिवस काढायची सवय आहे, त्यामुळे अंडी बघणं मला जड जात नाही. आधी नुसता स्वच्छ थेंब दिसतो. मग त्यात दोन काळे ठिपके येतात, ते डोळे. तेवढ्याने हुरळून जायचं नाही. त्या काळ्या ठिपक्यांभोवती सोनेरी कडं उमटलं की बाळ तयार झालं असं समजायचं आणि मगच पाणी घालायचं. घाई केली तर पिल्लं बाहेर येतात, पण त्यांच्या पोटातली हवेची पिशवी भरत नाही. त्यांना पोहता येत नाही. तळाला पोट घासत फिरतात बिचारी. मी त्यांना सरपटी म्हणते. ती फार जगत नाहीत.

आता ह्यांच्याबद्दल. हे वीज कंपनीत मीटर वाचायचे. नोकरीभर लोकांच्या दारी जायचं, मीटरकडे बघायचं, आकडा टिपायचा आणि चालू लागायचं. घरातही हेच, फक्त आकडा टिपत नसत. मी टाकीपाशी असले की हे मागच्या खुर्चीत पेपर उघडून बसणार. मी म्हणावं, “अहो, नर बघा कसा निळा झालाय!” हे म्हणणार, “हं.” त्यापेक्षा भिंत बरी, निदान आपला आवाज तरी परत येतो.

ताईकडून मी रोज फोन करायची.

“पिशवी?”

“आहे.”

ताई पलंगावरून ओरडायची, “अगं बये, नवरा जेवला का ते विचार आधी!”

मी म्हटलं, नवऱ्याला भूक लागली तर तो उठून खाईल. पिशवीला उठता येत नाही.

ताई काठी घेऊन चालू लागली आणि मी घरी आले. हे दारातच उभे होते आणि हसत होते. काहीतरी बिघडलंय हे मी तिथेच ओळखलं, कारण हे माझी वाट बघत दारात कधी उभे राहत नाहीत, आणि हसणं तर त्याहून नाही.

“ये, तुला गंमत दाखवतो.”

स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझा पांढरा पसरट डबा होता. त्यात तांबूस पाणी. पाण्यात पापणीच्या केसाएवढी पिल्लं, आणि झाडून सगळी तळाला. एखादं अंग झटकायचं, जरासं पुढे घसरायचं, थांबायचं, पुन्हा झटकायचं.

“बाहेर आली बघ!” हे म्हणाले.

“पिशवीला हात लावू नका म्हटलं होतं ना मी?”

“अगं, तू येशील तेव्हा तयार असावीत म्हणून…”

“तयार? ती तयार नव्हती! डोळे बघितलेत? कडं बघितलंत?”

“कसलं कडं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण मी नुसती ऐकून होते, आज घरात बघायला मिळाली. जिवंत राहायला धडपडणारी एवढी लेकरं नुसत्या हौसेपायी अर्धवट बाहेर ओढलीत तुम्ही, असं मी म्हणाले. आणखीही पुष्कळ म्हणाले. समोरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

“फोनवर रोज बोलत होतो आपण. विचारता आलं नसतं?”

“मग गंमत कसली राहिली असती?”

“केलंत तरी कसं?” हे मी भांडण चालू ठेवायला विचारलं, माहितीसाठी नव्हे. पण हे सांगायला लागले. आदल्या संध्याकाळी पाणी फ्रिजमध्ये ठेवलं, कारण गार पाणी लागतं. नळाचं नाही, पावसाचं, गाळून भरून ठेवलेलं. डब्यात दोन बोटं चढेल इतकंच. भुसा हाताने नाही, लाकडी चमच्याने सुटा केला. “आणि भुसा पाण्यात सोडताना म्हणालो, ‘उठा गं बायांनो, उजाडलं.’”

ते मी म्हणते. दर वेळी, ओठांतल्या ओठांत. कुणाला कधी सांगितलेलं नाही, ताईलासुद्धा नाही.

तुम्हाला वाटेल, इथे माझा राग निवळला. छे! इथेच तो खरा चढला.

“म्हणजे तुम्ही बघत होतात?”

“हो की.”

“इतकी वर्षं?”

“मागेच तर बसायचो. बघणार नाही तर काय?”

“मग तोंडातून एक शब्द काढायला काय झालं होतं?”

“मला त्यातलं काही कळत नाही. काहीतरी बोलून बसलो असतो आणि तू हसली असतीस.”

हसले असते! पहिल्यांदा माझ्या हातून पिल्लं फुटली त्या दिवशी मला कुणाला तरी गच्च धरावंसं वाटत होतं, आणि मी फडकं घेऊन टाकीची काच पुसत बसले. सांगायला घरात माणूस नाही म्हणून त्या फोटोग्राफरला फोन केला, परक्या माणसाला. आणि हा माणूस हाताच्या अंतरावर, पेपराआडून, सगळं बघत होता! स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोकडे, चोरून! ज्याला दिसतच नाही त्याला माफ करता येतं हो. बघून गप्प बसणाऱ्याचं काय करायचं?

मग मला भुसा आठवला. ही अंडी भारी संशयी असतात. पहिलं पाणी आलं की सगळी एकदम फुटत नाहीत. ते पाणी खोटं निघालं, डबकं पुन्हा आटलं, तर जात राहावी म्हणून काही मागे थांबतात. भुसा परत पिळून ठेवला की पुढच्या पाण्याला फुटतात. पण पिल्लं निघाल्यावर तो चोथा कोण ठेवतं? कुठलाही नीटनेटका माणूस तो कचऱ्यात टाकेल.

“अहो, भुसा कुठाय?”

हे कपाटाकडे गेले आणि एक पिशवी घेऊन आले. पिल्लं चमच्याने वेगळी काढून भुसा गाळला होता, पिळला होता, वर्तमानपत्रावर पसरून वाळवला होता आणि नव्या पिशवीत बांधला होता. हवा राहील इतपतच गाठ होती.

“का ठेवलात?”

“तू ठेवतेस.”

“मी का ठेवते, माहीत आहे?”

“नाही बुवा.”

मी चिमूटभर भुसा बशीत पसरला आणि भिंग लावलं. काही नाही. दुसरी चिमूट, काही नाही. तिसऱ्या चिमटीत एक स्वच्छ थेंब, त्यात दोन काळे ठिपके. कडं नव्हतं. कडं यायचंच होतं अजून. पुढे आणखी एक सापडलं, मग दोन शेजारी शेजारी. मी मटकन खुर्चीत बसले आणि मला रडू आलं, तेही रागाने. डब्यातली पिल्लं काही वाचणार नव्हती, पण जात गेली नव्हती. आणि ती वाचवल्याचं श्रेय द्यायचं कुणाला, तर ह्यांना!

“आहेत?” हे माझ्या खांद्यावरून विचारत होते. “सांग ना, आहेत का?”

मी भिंग ह्यांच्या हातात दिलं. डोळ्यात धरता येईना, दोनदा पडलं. शेवटी मीच बसवून दिलं आणि बशी पुढे सरकवली. हे वाकले आणि बघत राहिले. गप्प. नेहमीसारखे.

“बोला,” मी म्हणाले.

“काय बोलू?”

“दिसतंय ते. चुकलं तरी चालेल. पण यापुढे माझ्या घरात मुकाट्याने बघायचं नाही.”

ह्यांनी खाकरून घसा साफ केला. “गोल आहे,” हे म्हणाले. “काचेच्या मण्यासारखं. आत डोळा आहे. एकच. नाही, दुसरा पलीकडे असेल. आणि… हललं! काहीतरी हललं गं आत. शेपटी असणार. सारखी हलतेय बघ, थांबतच नाही.”

ती शेपटी नव्हती. ते हृदय होतं. चुकीचं ऐकून घेणारी बाई मी नव्हे, दुकानात गिऱ्हाइकाचंसुद्धा ऐकून घेत नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं.

“पुढे?” मी म्हणाले.